चाकराला खुर्ची नसते

सासू मेजाशी बसली तर इन्नाच्या पदरात काय पडणार होतं, याचा हिशोब सोपा होता. एक खुर्ची. फार तर दोन, कारण इन्नामागून तिची लेक रीताही बसली असती.

तिगायांच्या घरात सासू उभी असताना सून बसत नाही, आणि क्लावदिया तिगाय कधी बसायचीच नाही. घरातल्यांची, पाहुण्यांची, शेतावरच्या माणसांची जेवणं उरकली की ती शेगडीजवळ उभी राहून पातेल्यातूनच चार घास खायची. लग्न होऊन आल्यापासून इन्नाही तिच्या शेजारी तशीच जेवत आली होती. स्वतःपुरतं तिनं ते केव्हाच बुडीत खाती टाकलं होतं. पण गेल्या शरदात, कांदा काढून झाल्यावर, एका नातलगाच्या लग्नात तिनं रीताला पाहिलं. पोरगी दोन घास खाऊन, कुणी हाक न मारता उठली आणि किटली घेऊन पुरुषांच्या मेजाकडे गेली. परत आली ती बसली नाही. भिंतीला टेकून उभ्यानंच उरलेलं खाल्लं. 

म्हणून तिनं सासूच्या साठीकडे डोळे लावले होते. कोरियन माणसाच्या जन्मात तीन मेजं मांडली जातात: वर्षाचं झाल्यावर आईबाप मांडतात ते, लग्नाचं, आणि साठी भरल्यावर मुलं मांडतात ते. त्या तिसऱ्या मेजामागं माणसाला बसावंच लागतं. मुलं समोर येऊन वाकतात, पेल्यात ओतून देतात, आणि उत्सवमूर्तीनं हलायचं नसतं. एकदा का सासू सगळ्या गावादेखत बसली की पुढं तिला उभं राहायला तोंड उरणार नाही, असा इन्नाचा डाव होता. डाव चांगला होता. त्यात फक्त सासूचे थोरले भाऊ, त्रोफीममामा, धरलेले नव्हते.

मामा साठीच्या सकाळी उगवले, उश्तोबेहून, आगगाडीनं. अंगणात इन्नाचा नवरा वेनियामिन आणि शेजारचे दोघं लाकडी द्रोणीत वाफवलेला चिकट तांदूळ मोगऱ्यांनी कुटत होते. जर्दाळूच्या झाडाखाली लांब मेज मांडून झालं होतं. मामांनी पिशवी खाली ठेवली, मेजाकडं पाहिलं आणि विचारलं, "हे कुणासाठी?"

"आईसाठी, मामा," वेनियामिन म्हणाला. "साठी तिची. म्हणून तर बोलावलं तुम्हाला."

"तिची साठी होत नाही."

वेनियामिनची मोगरी वरच राहिली. "का बरं?"

"पहिलं मेज झालं नाही तिचं. पहिलं नाही त्याला दुसरं नाही, दुसरं नाही त्याला तिसरं नाही. मांडलंत तर मुलांच्या डोक्यावर येतं. तिच्या लग्नातही मी हेच सांगितलं होतं. तुझ्या बापानं ऐकलं. कचेरीत सह्या केल्या आणि दोघंही दुपारी कापसावर गेली."

वेनियामिनची धाकटी बहीण एल्वीरा ओसरीवर बसून गाजर किसत होती. ती ताश्कंदच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि देव, भूत, शकुन यांना एकाच कपाटात ठेवायची. "म्हणजे मामा, साठी नाही एवढं सांगायला तुम्ही दोन दिवस गाडीत बसलात?"

"तार केली असती तर ऐकलं असतंस?"

"नसतं."

"म्हणून आलो."

वेनियामिननं मोगरी टेकवली. त्याच्या मनात दोन काटे हलत होते. मेज मोडलं तर गाव हसणार, की थोरल्या मुलाला आईचं मेज पेललं नाही. मांडलं आणि कांद्यावर गारा पडल्या, तर जमिनीतले भागीदार म्हणणार, याच्याच पायी. वेनियामिन असा अडकला की बायकोकडं बघायचा. आताही त्यानं बघितलं.

इन्ना काही बोलणार तोच सासू स्वयंपाकघराच्या दारात आली. कमरेला ओला अंगोछा, हातात झारा.

"दादा म्हणतो ते बरोबर आहे," क्लावदिया म्हणाली. "लोक येतील त्यांना जेवू घालू. मेज राहू दे."

इतक्या चटकन म्हणाली की इन्नानं कान टवकारले. प्रभूला मानायला लागल्यापासून याच बाईनं फाटकावरची लाल मिरच्यांची माळ तोडून कोंबड्यांपुढं टाकली होती. शेजारणीनं आरसा फुटला म्हणून हाय खाल्ली तेव्हा तिला अर्धा तास सुनावलं होतं. आणि आज भावाचा अपशकुन तिला एकदम पटला.

इन्ना तिच्यामागं आत गेली. रीता कोपऱ्यात उकडलेली अंडी सोलत होती.

"आई, शकुन सोडायला तुम्हीच लावलंत मला."

"शकुनासाठी म्हणत नाही मी."

"मग?"

क्लावदियानं शेवयांच्या पाण्यात मीठ टाकलं. "मी देवाची चाकर आहे, इन्ना. चाकराला खुर्ची नसते. सगळ्या गावानं येऊन माझ्यापुढं वाकायचं आणि मी बाहुलीसारखं बसायचं, हे मला जमायचं नाही. दादाचं कारण दादाला लखलाभ. मला ते सोयीचं पडलं एवढंच."

"चाकर कुणी सांगितलं तुम्हाला? त्या शेवटच्या जेवणात प्रभूनं शिष्यांना काय म्हटलं? आता तुम्ही चाकर नाही, मित्र आहात, असंच ना?"

"तू ते गाण्याच्या बाकावर बसून ऐकतेस. मला भिंतीआडून जेवढं ऐकू येतं तेवढं येतं."

हे खरं होतं. प्रार्थनेनंतर मंडळी एकत्र जेवायची आणि भात क्लावदिया लावायची. त्यामुळं इतक्या वर्षांत तिनं एकही प्रवचन शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. दाखला सुरू झाला की तिला तांदळाची आठवण व्हायची. तिचा धर्म तिच्यापर्यंत वाफेतून पोचला होता आणि त्यात 'सेवा' हा शब्द तेवढा स्पष्ट ऐकू आला होता.

मागच्या दारातून पास्टर ओगाय आत आले. ते पूर्वी पाटबंधाऱ्यावर मुकादम होते. कुठल्याही घरात शिरताना आधी स्वयंपाकघर गाठायचं ही सवय त्यांना तेव्हापासूनची. बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"बहीण इन्ना, चाकरपणात कमीपणा नाही," ते म्हणाले. "खुद्द प्रभूनं कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले. क्लावदिया बहिणीसारखी सेवा करणारं माणूस आपल्या मंडळीत दुसरं नाही."

"म्हणूनच सोडवत नाही ना तुम्हाला?"

पास्टर हसले, पण कान लाल झाले. त्यांचाही हिशोब होता. क्लावदिया पुढच्या बाकावर जाऊन बसली तर रविवारी एवढ्या माणसांचा भात कोण लावणार, हा प्रश्न त्यांनी मनाशी कधी उच्चारला नव्हता, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"पाय धुतले, बरोबर," इन्ना म्हणाली. "पण धुऊन झाल्यावर त्यानं काय केलं, पास्टर? अंगरखा घातला आणि परत येऊन मेजाशी बसला. ते का नाही सांगत?"

 पास्टरनी ते कित्येकदा वाचलं होतं. तिथं थांबले मात्र कधी नव्हते.

क्लावदिया म्हणाली, "तुमचं चालू द्या. माझं पाणी उकळतंय."

इन्ना बाहेर येऊन ओसरीवर एल्वीराशेजारी बसली. या दोघींचं एरवी पटायचं नाही. एल्वीरा तिला 'संत इन्ना' म्हणायची आणि इन्ना तिच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करून सूड उगवायची.

"तुझा देव काय म्हणतो, वहिनी?"

"देव म्हणतो बसा. आई म्हणते उभी राहते. पास्टर म्हणतात भात लावा." इन्नानं मेजाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पहिलं मेज किती वाजेपर्यंत मांडलं तर चालतं?"

"सूर्य माथ्यावर यायच्या आत." एल्वीराचा किसणारा हात थांबला. नणंद-भावजयीनं एकमेकींकडं पाहिलं, आणि त्या घडीला त्यांची युती झाली.

मामा जर्दाळूखाली चहा पीत होते. एल्वीरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मामा, पहिलं मेज कोणत्या वयात मांडायचं, हे कुठं ठरलंय?"

"पहिलं म्हणजे वर्षाचं. त्यात ठरवायचं काय?"

"आणि राहून गेलं तर? शाळेत माझ्याकडं एखादा मुलगा परीक्षेला आजारी पडला तर त्याला मी जन्मभर नापास ठेवत नाही. पुढं बसवते."

"ही परीक्षा नव्हे."

"मामा," इन्ना म्हणाली, "आईचं पहिलं मेज का नाही झालं?"

मामांनी कप खाली ठेवला. "काय मांडणार होतो? सरकारनं आम्हा सगळ्यांना समुद्राकडून गाडीत कोंबून आणलं होतं, माळावर खणलेल्या भुयारात होतो आम्ही. तांदूळ समुद्राकडं राहिला, उभ्या शेतात. माझ्या आईनं लव्हाळ्याची मुळं उकडली होती त्या दिवशी. क्लावा माझ्या मांडीवर होती. ती हात पुढं करत होती आणि पुढं काही नव्हतं." त्यांनी कप बाजूला सारला. "मुलाला मेजाशी बसवायचं ते घरातल्या थोरल्या माणसानं. म्हणजे मीच. आता कोण उरलंय?"

"मग बसवा," इन्ना म्हणाली.

मामा बराच वेळ मिशी चावत राहिले. रूढी मोडायला ते तयार नव्हते. पण थकलेली रूढी फेडायची असेल तर गोष्ट वेगळी होती. ते उठले. "तांदूळ आणा. दोरा, कात्री, पुस्तक, लेखणी. कुटलेल्या भाताची तीन ताटं. माथ्यावर यायच्या आत."

मोठ्या मेजाच्या टोकाला छोटं मेज लागलं. वेनियामिननं न विचारता तिन्ही ताटं आणून ठेवली. बायकोनं रस्ता काढला की त्याच्या अंगात बळ यायचं. मामा स्वतः स्वयंपाकघरात गेले आणि तसेच परत आले.

"नाही म्हणते. म्हणते मी काही कुणाचं तान्हं बाळ नाही. मला कामं आहेत."

फाटकातून पहिले पाहुणे आत येत होते.

तेव्हा इन्ना उठली. कमरेचा अंगोछा सोडून तिनं घडी घातली, ओसरीच्या कठड्यावर ठेवला, आणि मेजाशी जाऊन बसली. "रीता, इकडं ये. बैस माझ्याशेजारी."

रीतानं आत पाहिलं, बाहेर पाहिलं. "अमे एकटी आहे आत." आजीला ती अमे म्हणायची.

"ठाऊक आहे. बैस."

पोरगी बसली, खुर्चीच्या अगदी कडेला. अंगण हळूहळू गप्प झालं. उत्सवमूर्ती आत राबते आहे आणि सून मेजाशी बसली आहे, असं या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. एक म्हातारी दुसरीच्या कानाला लागली. इन्नाला कानशिलं जळल्यासारखी वाटत होती. सगळ्या जन्मात तिनं केलेल्या कामांत हे बसणं सगळ्यात जड होतं. हात कुठं ठेवावेत तेही कळेना. तिनं ते मांडीवर ठेवले आणि उठायचं नाही असं त्यांना बजावलं.

"इन्ना, लोक बघतायत," वेनियामिन तिच्या कानाशी पुटपुटला.

"तेवढ्यासाठीच बसलेय. तू तबक घे आणि आईच्या हाताखाली जा."

"मी?"

"चाकर हवेत ना तुमच्या घराला? जा."

वेनियामिन गेला. एल्वीराही गेली, जाताना मोठ्यानं म्हणाली, "आज रसायनशास्त्र चुलीवर." कुणीतरी हसलं आणि अंगणाचा जरा श्वास सुटला.

क्लावदिया एकटीनं रेटत राहिली. लेकानं दोन वाडगे सांडले, त्याला तिनं दटावलंही नाही. पाहुण्यांना वाढता वाढता ती टोकाच्या मेजाशी आली. हातात शेवयांचा वाडगा होता. तो तिनं सुनेपुढं ठेवला. शांतपणे, जशी ती कुणापुढंही ठेवायची.

"जेव," ती म्हणाली.

म्हणजे तिनं बाजी परतवली होती. सुनेनं मैत्रीण म्हणून बसायचं ठरवलं असेल तर सासू तिला चाकर म्हणून वाढणार होती. शेवटपर्यंत.

"मी नाही जेवणार," इन्ना म्हणाली.

"का?"

"चाकर एकटा जेवतो. मित्राला एकट्यानं जेवता येत नाही." तिनं वाडग्याला हातही लावला नाही. "आई, प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतो, असं तुम्ही रीताला सांगता. उघडलं तर आत येऊन उघडणाऱ्याबरोबर जेवेन म्हणतो. कुणी वाढा असं नाही म्हणत. बरोबर जेवेन म्हणतो. आता तुम्ही दार उघडलं, त्याला बसवलं, वाढलं, आणि स्वतः शेगडीपाशी उभ्या राहिलात. मग तो कुणाबरोबर जेवणार?"

 पास्टर ओगाय मोठ्या मेजाशी घास हातात धरून ऐकत होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"पास्टर," क्लावदिया वळली. "तुम्ही सांगा हिला."

साऱ्या अंगणाला वाटलं आता ते सांगतील. रविवारचा भात त्यांच्या डोळ्यांपुढून गेला असेल. "मला वाटतं," ते हळू म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मी तुम्हाला स्वयंपाकघरात फार दिवस ठेवलं, बहीण."

क्लावदियानं खुर्चीच्या पाठीला हात लावला, पण बसली नाही. बोलली ती सुनेशीच. इतक्या हळू की फक्त टोकाच्या मेजाला ऐकू गेलं.

"माझ्या आईनं मला सांगितलं होतं. आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा बाबांना धरून न्यायला पोलीस आले, म्हणाली. तेव्हा मी तिच्या पोटात होते. तिचा भात तसाच ताटात राहिला. पुढं ती कधी बसून जेवली नाही. म्हणायची, बसलेल्याला उठवतात, उभ्याला कोण उठवणार? आणि माझ्या बाबांना ज्यानं धरून दिलं, तो त्यांचा मित्र होता. एका ताटात जेवणारा." तिनं श्वास घेतला. "चाकराला मालकानं विकत घेतलेलं असतं, इन्ना. तो टाकत नाही. मित्राचं काय? त्याला उद्या वाटलं तर तो दार लावून घेतो. मला मालक बरा. त्याच्यापाशी माझी जागा आहे. उभी असेल, पण आहे."

 इतकी वर्षं सासूच्या शेजारी उभी राहून इन्नाला वाटत होतं की हा हट्ट आहे. ही भीती असेल हे तिच्या हिशोबात कुठंच नव्हतं. तरीही ती उठली नाही. शेजारची खुर्ची तिनं ओढून सरळ केली.

"तो मित्र एकदा टाकलाच गेला होता, आई," ती म्हणाली. "त्याच जेवणात बसलेल्यांनी त्याला टाकलं. एकानं विकलं, बाकीचे पळाले. तरी परत आला तो. आणि आल्यावर तळ्याच्या काठावर निखारे पेटवून, मासे भाजून, त्यांना म्हणाला, या, जेवा. दार त्यांनी लावलं होतं. त्यानं नाही."

त्रोफीममामा पुढं आले. प्रभू, पास्टर यांच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. त्यांनी धाकट्या बहिणीचा दंड धरला, मांडीवरच्या पोराला धरावं तसा. "क्लावा, ऊन डोक्यावर येतंय. बैस."

क्लावदिया बसली. आधी तिरकी, एक पाय बाहेरच ठेवून. मग मामांनी खुर्ची पुढं सारली आणि तिला तो पाय आत घ्यावा लागला.

समोर तांदूळ होता, दोरा, कात्री, पुस्तक, लेखणी. मूल पहिल्यांदा ज्याला हात लावेल त्यावर त्याचं आयुष्य ठरतं. सारं अंगण माना लांब करून बघत होतं. क्लावदियानं त्यातलं काहीच उचललं नाही. सुनेपुढचा वाडगा तिनं मध्ये ओढला आणि रीतासमोरच्या रिकाम्या वाडग्यात अर्ध्या शेवया काढल्या.

"जेव आता," ती इन्नाला म्हणाली. "बरोबर."

"शेवया," मामांनी मोठ्यानं जाहीर केलं. "शेवया म्हणजे लांब आयुष्य." असा काही नियम नव्हता. तो त्यांनी उभ्या उभ्या केला होता आणि त्या दिवसापासून तो जुना झाला.

मग साठीचं मेज झालं. मुलं वाकली, ओतून दिलं, गाणी झाली. संध्याकाळी माणसं पांगताना ज्यानं त्यानं आपापली वजाबाकी केली. मामांनी काहीच गमावलं नाही. मी पहिल्यापासून हेच सांगत होतो, असं ते दोघांना सांगून झाले होते. पास्टरांचा भात गेला, पण त्यांना एक प्रवचन मिळालं आणि ते त्यात समाधानी होते. वेनियामिननं तबकं वाहिली, गावानं त्याला चिडवलं. एवढा मान त्याच्याजवळ जास्तीचा होताच. इन्नाला दोन खुर्च्या मिळाल्या, ठरल्याप्रमाणे, आणि त्यांच्यासाठी तिला जेमतेम एक दुपारची लाज मोजावी लागली.

बाकी सगळं क्लावदियानं भरलं. कधी न सोडणारा मालक तिनं त्या दुपारी सोडला आणि बदल्यात एक मित्र घेतला, ज्याच्याबद्दल तिच्याजवळ नुसता शब्द होता. त्या जेवणात फाटक वाजेल तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठायची. दारात कोण आलं ते बघायची. दोन्ही हातांनी मेजाची कड धरायची. आणि दर वेळी, कुणी न सांगता, पुन्हा खाली बसायची.